मेल जंकमध्ये का गेला?



"मेल केव्हाच पाठवलाय, जरा स्पॅममध्ये बघा." हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं असतं. मग आपण स्पॅम उघडतो. लॉटरी, झटपट कर्ज आणि केस उगवणाऱ्या तेलाच्या गर्दीत मुलाखतीचं बोलावणं पडलेलं असतं आणि मुलाखतीची तारीख उलटून गेलेली असते. इकडे इनबॉक्समध्ये मात्र तेच तेल रोज नव्या नावाने हजर. अशा वेळी आपण एका शब्दात निकाल देतो: फिल्टर बिघडला.

बहुतेक वेळा फिल्टर बिघडलेला नसतो. त्याला जे शिकवलं, जे सांगितलं, त्यावरच तो चालत असतो. म्हणून दुरुस्ती करायची तर तीन प्रश्न, आणि तेही याच क्रमाने विचारायचे. मेल अडला कुठे? फिल्टरला आपण काय शिकवलंय? आणि आपलाच एखादा नियम आड येतोय का? उदाहरणासाठी मी थंडरबर्ड हा मोझिलाचा मोफत मेल प्रोग्रॅम घेणार आहे. त्याचा फिल्टर कसा चालतो हे उघडपणे पाहता येतं, आणि इतर प्रोग्रॅममध्येही बराचसा मामला असाच असतो.

पहिला प्रश्न: मेल अडला कुठे? तुमच्यापर्यंत येणारा मेल दोनदा तपासला जातो. पहिली तपासणी जीमेल, याहू किंवा तुमच्या ऑफिसच्या सर्व्हरवर होते. दुसरी तुमच्या संगणकातला प्रोग्रॅम करतो. सोसायटीच्या गेटवर वॉचमन असतो आणि शिवाय घराला दार असतं, तसंच हे. पाहुणा गेटवरूनच परत गेला असेल, तर घराच्या दाराची कडी कितीही सैल करा, उपयोग नाही. अनेक जण तासन् तास थंडरबर्डच्या सेटिंग्ज उलटसुलट करतात आणि मेल अडलेला असतो सर्व्हरवर.

हे ओळखायचं कसं? प्रोग्रॅम बंद करा. ब्राउझर उघडा, तुमच्या मेलच्या संकेतस्थळावर लॉगिन करा आणि तिथला स्पॅम फोल्डर बघा. हरवलेला मेल तिथे असेल तर तो बहुधा सर्व्हरनेच अडवलाय, आणि उपायही तिथेच करायचा. जीमेलमध्ये 'नॉट स्पॅम'वर टिचकी मारा. त्या पत्त्यासाठी एक फिल्टर तयार करून 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम' हा पर्यायही निवडता येतो. जीमेल स्पॅममधला मेल ३० दिवसांनी कायमचा पुसून टाकतं, म्हणून हे काम 'बघू पुढच्या महिन्यात' असं टाळू नका.

इथे एक खाचखळगा आहे. तुमचं खातं प्रोग्रॅममध्ये 'पॉप' पद्धतीने जोडलं असेल, तर सर्व्हरवरचा फक्त इनबॉक्स खाली उतरतो. सर्व्हरचा स्पॅम फोल्डर प्रोग्रॅममध्ये दिसतच नाही. 'आयमॅप' पद्धतीने जोडलं असेल तर सगळे फोल्डर दिसतात. तेव्हा पॉपवाल्यांनी अधूनमधून ब्राउझरमधून डोकावलंच पाहिजे. आयमॅपवाल्यांची अडचण वेगळी. सर्व्हरचा फोल्डर 'स्पॅम' नावाचा, प्रोग्रॅमने स्वतःचा केला 'जंक' नावाचा. मग दोन फोल्डर, आणि आपण शोधतो नेमका एकात. दोन्ही तपासा आणि खात्याच्या जंक सेटिंग्जमध्ये जाऊन एकच फोल्डर ठरवून द्या.

आता दुसरा प्रश्न: फिल्टरला आपण काय शिकवलंय? त्यासाठी तो विचार कसा करतो हे थोडक्यात पाहू.

नको असलेल्या मेलची तक्रार इंटरनेटपेक्षाही जुनी आहे. संगणकांचं अर्पानेट हे जाळं अमेरिकेत चालू होतं, त्या काळात, नोव्हेंबर १९७५ मध्ये, जॉन पोस्टेल यांनी या प्रश्नावर एक छोटं टिपण लिहिलं होतं. नको तो मेल पाठवणाऱ्याला निवडून नाकारायची सोय यंत्रणेत नाही, हा त्यातला मुद्दा. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट या कंपनीचे गॅरी थर्क यांनी नव्या संगणकांची जाहिरात अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना एकदम धाडली. मोठ्या प्रमाणावरचा पहिला जाहिराती मेल म्हणून तोच ओळखला जातो.

सुरुवातीचे फिल्टर ठरावीक शब्द पकडत. 'फ्री' दिसलं की अडव. पाठवणाऱ्यांनी 'फ्री'च्या मध्ये टिंब टाकलं की फिल्टर फसला. ऑगस्ट २००२ मध्ये पॉल ग्रॅहम या प्रोग्रॅमरने एक निबंध लिहून वेगळी वाट लोकप्रिय केली. शब्दांची यादी आपण द्यायचीच नाही. वापरणाऱ्याने जंक मेल कोणते आणि चांगले कोणते एवढंच दाखवायचं, शब्दांचा हिशेब यंत्राने करायचा. त्यामागचं संभाव्यतेचं गणित थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचं. त्यांचा तो निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये छापला गेला होता.

हिशेब असा. समजा, तुम्ही १०० मेल जंक म्हणून दाखवले आणि १०० मेल चांगले म्हणून. 'विनर' हा शब्द ४० जंक मेलमध्ये आला, चांगल्यांपैकी फक्त एकात. म्हणजे हा शब्द ज्या ४१ मेलमध्ये आहे, त्यातले ४० जंक. फिल्टर या शब्दाला जवळजवळ ९८ टक्के जंक ठरवतो. 'सोसायटी' हा शब्द एका जंकमध्ये आणि २० चांगल्यांमध्ये आला, तर त्याचं वजन ५ टक्क्यांच्या आसपास. नव्या मेलमधल्या अशा शब्दांची वजनं एकत्र करून एक आकडा निघतो. थंडरबर्डमध्ये मूळची रेघ ९०वर आखलेली आहे. त्यापुढे गेला की जंक.

या हिशेबातूनच बहुतेक दुखण्यांचं निदान होतं. नव्या संगणकावर प्रोग्रॅम टाकला की फिल्टरची पाटी कोरी असते. पहिल्याच दिवशी त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नका. दुसरं, त्याला दोन्ही बाजू दाखवाव्या लागतात आणि आपण नेमके इथेच चुकतो. जंक दिसला की 'जंक'चं बटण दाबतो, पण चांगला मेल चांगला आहे हे कधीच सांगत नाही. ज्याला फक्त वाईटच दाखवलं, त्याला सगळंच वाईट वाटू लागतं. थंडरबर्डमध्ये मेल निवडून 'जे' ही कळ दाबली की तो जंक ठरतो. शिफ्ट धरून 'जे' दाबलं की तो जंक नाही असं नोंदलं जातं. इनबॉक्समधले पन्नासेक चांगले मेल एकत्र निवडून हे एकदा करून बघा. त्यात मराठी मेलही येऊ द्या, म्हणजे आपले शब्द चांगल्यांच्या खात्यात जमा होतील.

तिसरं, मेल पुसून टाकणं म्हणजे शिकवणं नव्हे. नुसता माउसने ओढून जंक फोल्डरमध्ये टाकला, तरी थंडरबर्ड त्यातून काही शिकत नाही. बटण दाबलं तरच शिकतो. आणि जंक फोल्डरमधला चांगला मेल परत आणताना 'नॉट जंक' असं सांगूनच आणा.

चौथं दुखणं आपण स्वतः ओढवून घेतो. एखाद्या दुकानाच्या किंवा मासिकाच्या यादीत आपणच हौसेने नाव नोंदवलेलं असतं. पुढे कंटाळा येतो आणि आपण ते मेल जंक ठरवत सुटतो. त्या मेलमधले 'ऑर्डर', 'पावती', 'डिलिव्हरी' हे शब्दही मग जंकच्या खात्यात जातात आणि एके दिवशी खरी पावती अडते. ज्यांना आपण ओळखतो, त्यांच्या यादीतून 'अनसबस्क्राइब' करून बाहेर पडावं. २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने जाहिराती मेल पाठवणाऱ्यांना एका टिचकीत नाव काढायची सोय देणं बंधनकारक केलं आहे. अनोळखी मेलमधल्या अनसबस्क्राइबवर मात्र टिचकी मारू नका. हा पत्ता वापरात आहे, एवढीच खबर तुम्ही त्यांना द्याल.

शिकवणीत इतका गोंधळ झाला असेल की चांगलं तेवढं अडतंय आणि वाईट तेवढं सुटतंय, तर सेटिंग्जच्या जंक विभागात 'रीसेट ट्रेनिंग डेटा' असं बटण आहे. त्याने पाटी पुसली जाते. मग दोन्ही बाजू दाखवत नव्याने सुरुवात करायची. आणि शिकवणी उत्तम झाली असेल, तर नव्या संगणकावर जाताना प्रोफाइलच्या फोल्डरमधली 'ट्रेनिंग डॉट डॅट' ही फाइल बरोबर न्या. सगळी शिकवणी तिच्यात साठलेली असते.

आता तिसरा प्रश्न: आपलाच नियम आड येतोय का? इथे चार ठिकाणी हात घालायचा.

एक, जंक तपासणी प्रत्येक खात्यासाठी वेगळी चालू करावी लागते. दोन खाती असतील तर एकात चालू आणि दुसऱ्यात बंद असू शकते. दोन, मेलवर जंकची खूण उमटते पण तो इनबॉक्समध्येच बसून राहतो. म्हणजे ओळखायचं काम झालं, हलवायचा पर्याय निवडलेला नाही. 'मूव्ह न्यू जंक मेसेजेस टू' या ओळीपुढे खूण करा. तिथेच ठरावीक दिवसांहून जुने जंक मेल आपोआप पुसायचा पर्याय असतो. फिल्टरवर पुरता भरवसा बसेपर्यंत तो बंद ठेवा.

तीन, अ‍ॅड्रेस बुक. त्यात ज्याचा पत्ता आहे, त्याचा मेल जंक ठरवायचा नाही, अशी सूट थंडरबर्डमध्ये देता येते. सूट चांगली, पण तुमचा स्वतःचा पत्ता त्या वहीत असतो का? बहुतेकांचा असतो. आणि पाठवणारा म्हणून तुमचाच पत्ता खोटा लावून मेल धाडायची युक्ती जंकवाल्यांची आवडती आहे. असा मेल या सवलतीतून थेट आत येतो. शिवाय आपण ज्यांना उत्तर देतो, त्यांचे पत्ते 'कलेक्टेड अ‍ॅड्रेसेस' नावाच्या वहीत आपोआप साठत जातात. म्हणजे कधी चिडून एखाद्या जंकवाल्याला 'पुन्हा मेल पाठवू नका' असं लिहिलं असेल, तर तोही ओळखीचा झाला. स्वतःचा पत्ता वहीतून काढा आणि या दुसऱ्या वहीला सूट देऊ नका.

चार, तुम्ही पूर्वी केलेले 'मेसेज फिल्टर', म्हणजे अमक्याचा मेल तमक्या फोल्डरमध्ये टाक असे हुकूम. ते जंक तपासणीच्या आधी चालतात की नंतर, हे प्रत्येक नियमात ठरवता येतं. जंक फिल्टरला दोषी समजून आपण भलतीकडे शोधतो आणि मेल अशाच एखाद्या विसरलेल्या नियमाने नेलेला असतो. त्यासाठी जंक विभागात नोंदवहीची सोय आहे. 'लॉगिंग' चालू करा आणि काही दिवसांनी ती वाचा. फिल्टरने कुणाचा कोणता मेल जंक ठरवला, हे त्यात लिहिलेलं असतं. अंदाज बांधण्यापेक्षा ही वही वाचणं केव्हाही बरं.

काही श्रोत्यांची अडचण उलटी असेल. त्यांचे मेल दुसऱ्यांच्या स्पॅममध्ये जातात. गृहनिर्माण संस्थांचे सचिव, शिकवणी वर्ग, स्वतःच्या डोमेनवरून पत्रव्यवहार करणारे छोटे उद्योजक, हे सगळे यात आले. हा मेल खरोखर याच डोमेनच्या परवानगीने निघालाय का, हे समोरचा सर्व्हर तपासतो. त्यासाठी एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क अशा तीन नोंदी डोमेनमध्ये कराव्या लागतात. स्वतःलाच दुसऱ्या खात्यावर एक मेल पाठवा, थंडरबर्डमध्ये कंट्रोल आणि 'यू' दाबून त्याचा मूळ मजकूर उघडा आणि 'ऑथेंटिकेशन रिझल्ट्स' ही ओळ शोधा. तिन्हींपुढे 'पास' असेल तर उत्तम. 'फेल' दिसलं, तर ज्यांच्याकडून डोमेन घेतलं त्यांना ती ओळ दाखवा. याचा उपाय मेल घेणाऱ्याकडे नाही, पाठवणाऱ्याकडेच आहे.

शेवटी एक सावधगिरी. जंक फिल्टर म्हणजे फसवणुकीविरुद्धची हमी नव्हे. तो शब्द आणि खुणा मोजतो, हेतू ओळखत नाही. इनबॉक्समध्ये आला म्हणून मेल खरा ठरत नाही. रिझर्व्ह बँकेने भारतातल्या बँकांना संकेतस्थळांसाठी 'डॉट बँक डॉट इन' हे खास डोमेन घ्यायला लावलं आहे. तेव्हा बँकेच्या नावाने आलेल्या मेलमधली लिंक न दाबता पत्ता स्वतः टाइप करा. पैसे गेलेच, तर क्षणही न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.

तेव्हा श्रोतेहो, आज कार्यक्रम संपल्यावर एवढं करा. ब्राउझरमधून स्पॅम फोल्डर उघडा, त्यात अडकलेले चांगले मेल बाहेर काढा, आणि प्रत्येकाला 'हा जंक नाही' असं बटण दाबून सांगा. पुढे आठवड्यातून एकदा हीच पाहणी करत राहा. पाच मिनिटं पुरतात. फिल्टर बदलायची गरज क्वचित पडते. त्याला नीट शिकवायची गरज मात्र नेहमीच असते.