पिस्तूल येतं कुठून?



'गावठी पिस्तूल व जिवंत काडतुसांसह युवकास अटक' ही बातमी सातारा जिल्ह्यात आता कुणाला नवी राहिलेली नाही. खबऱ्याकडून माहिती मिळते, स्थानिक गुन्हे शाखा सापळा लावते, अंगझडतीत कमरेला खोचलेलं पिस्तूल निघतं आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. आपण वाचतो, 'बरं झालं, सापडला' म्हणतो आणि पान उलटतो. मला आज त्याच्या पुढचं विचारायचं आहे. ते पिस्तूल त्या पोराच्या कमरेपर्यंत आलं कसं?

हा प्रश्न खंडाळा तालुक्यानं इतरांच्या आधी विचारायला हवा. नीरेचा पूल ओलांडला की शिरवळ, पुढं पारगाव खंडाळा, मग खंबाटकीचा घाट. पुणे-बंगळूर महामार्गाची रात्रंदिवस चाललेली वर्दळ आपल्या दारावरून जाते. कारखाने आले, जमिनींना भाव आला, ठेके आले आणि ठेक्यांसाठी चढाओढही आली. जिथं चढाओढ, तिथं दहशतीला गिऱ्हाईक मिळतं.

असा एखादा पंचनामा वाचून बघा. 'एक देशी बनावटीचं पिस्तूल, मॅगझीनसह. दोन जिवंत काडतुसं, पाठीमागे के.एफ. 7.65 असं लिहिलेलं.' या दोन ओळींत सगळी गोष्ट आहे. पिस्तुलावर कारखान्याचं नाव नसतं, क्रमांक नसतो. असलंच काही, तर 'मेड इन यूएसए' असं खोटंच कोरलेलं. कायद्यानं प्रत्येक बंदुकीवर बनवणाऱ्याचं नाव आणि क्रमांक हवा, म्हणजे ती कुणी कुणाला विकली हे दप्तरात सापडतं. गावठी पिस्तुलाचं दप्तरच नसतं. त्याचा माग फक्त माणसांमधून काढता येतो. कुणाचा फोन कुणाला गेला, पैसे कोणत्या खात्यात पडले, कोण कुठल्या गाडीनं कुठून आला, एवढेच धागे हाती असतात.

काडतुसाचं मात्र वेगळं आहे. के.एफ. म्हणजे पुण्याजवळची खडकीची सरकारी दारूगोळा फॅक्टरी. भट्टीवर पिस्तूल घडतं, असं पक्कं काडतूस घडत नाही. म्हणजे परवान्याच्या, कायदेशीर व्यवहारातून कुठंतरी गळती आहे. दुकानदाराच्या नोंदवहीत असो वा परवानाधारकाच्या कपाटात, ती गळती शोधली पाहिजे.

आणि ही पिस्तुलं घडतात कुठं? आपल्याकडच्या तपासात एक नाव पुन्हा पुन्हा येतं, उमर्टी. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्याला लागून, सातपुड्यात, मध्य प्रदेशाच्या बडवानी जिल्ह्यातलं हे गाव. तिथं पिढ्यान्‌पिढ्या हत्यारं घडवणारे शिकलगार कारागीर आहेत. नोव्हेंबर 2025 मध्ये पुणे पोलिसांचं मोठं पथक थेट तिथं गेलं आणि भट्ट्या मोडल्या. ते योग्यच झालं. पण एका समाजाला गुन्हेगार ठरवून आपली सुटका नाही. त्या कसबी हातांना दुसरं काम मिळालं नाही, तर भट्टी पुन्हा पेटेल. आणि मागणी तर आपल्याकडूनच जाते, हे विसरून चालणार नाही.

भट्टी एका राज्यात, दलाल दुसऱ्या जिल्ह्यात, गिऱ्हाईक तिसरीकडे. म्हणूनच हा विषय एकट्या राज्याचा नाही. राज्यघटनेनं शस्त्रं आणि दारूगोळा हा विषय केंद्राच्या यादीत ठेवला तो यासाठीच. इंग्रजांनी 1878 मध्ये शस्त्र कायदा केला, तो हिंदी माणसाला निःशस्त्र ठेवण्यासाठी. गोऱ्यांना त्यात सूट होती. स्वतंत्र भारतानं 1959 मध्ये नवा कायदा केला. विनापरवाना बनवणं, विकणं, बाळगणं हे त्यातही गुन्हेच होते. पण या सगळ्यांना जोडणारी जी साखळी असते, माल पोचवणारा, गाठ घालून देणारा, मदत करणारा, तिला स्वतंत्र गुन्हा म्हणून नाव मिळालं ते डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीनं. कलम 25 च्या पोटकलम 8 मध्ये बंदुका आणि दारूगोळ्याची अवैध तस्करी हा वेगळा गुन्हा ठरला. देशात आणणं, देशाबाहेर नेणं किंवा देशातल्या देशात इकडून तिकडं पोचवणं, सगळं त्यात आलं. मदत करणाराही त्यात आला. शिक्षा किमान 10 वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. अमेरिकेसारख्या बलाढ्य देशातही बंदुकांच्या तस्करीला देशपातळीवर असा स्वतंत्र गुन्हा ठरवायला जून 2022 उजाडावा लागला. आपण त्याआधी हे केलं, याचं समाधान मानायला हरकत नाही.

पण कलम असणं आणि ते लागणं यांत फार अंतर आहे. आपल्याकडची बहुतेक प्रकरणं 'तीन पंचवीस'वर, म्हणजे विनापरवाना बाळगण्यावर थांबतात. त्यालाही 2 ते 5 वर्षांची शिक्षा आहे. पण तिथंही जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते आणि त्या मंजुरीत कसूर राहिली तर आरोपी सुटतो. सापडलेलं पोर जामिनावर बाहेर येतं. ज्यानं विकलं, तो तोवर पुढचा सौदा ठरवत असतो. हरळी वरवर खुरपली की आठ दिवसांत पुन्हा फुटते, शेतकऱ्याला हे सांगायला नको. तपास मुळापर्यंत जायलाच हवा, आणि जिथं पुरावा आहे तिथं पोटकलम 8 लावायलाच हवं.

साताऱ्याला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचे. 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यात, महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर, त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. पुढं कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यात ते गेले. दाभोलकरांच्या खटल्याचा निकाल 10 मे 2024 रोजी लागला आणि विशेष न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली. पण हत्यार पुरवल्याबद्दल त्या खटल्यात कुणालाही शिक्षा झाली नाही. गोळी झाडणाऱ्या हातांइतकाच हत्यार पोचवणारा हात दोषी असतो. तो मोकळा राहिला की पुढच्या खुनाची सोय होऊन बसते.

मग आपण काय करायचं? शस्त्र कायद्याची दोन कलमं आपल्यासारख्यांसाठीच आहेत. कलम 36 म्हणतं, या कायद्याखालचा गुन्हा ज्याला माहीत आहे, त्यानं जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा दंडाधिकाऱ्याला कळवलंच पाहिजे. वाहनावर काम करणाऱ्याला एखाद्या पेटीत, गाठोड्यात हत्यार असल्याचा संशय आला, तर त्यानंही कळवायचं आहे. कलम 20 तर त्याहून पुढं जातं. वाईट हेतूनं हत्यार नेत असल्याचा रास्त संशय आला, तर गाडीवर काम करणाऱ्यालाही त्या माणसाला अटक करण्याचा अधिकार आहे. अर्थात एसटीच्या वाहकानं किंवा ट्रकच्या क्लीनरनं पिस्तूलवाल्याशी झटापट करावी, असं मी सुचवत नाही. जीव जपा, पण गप्प बसू नका. 112 फिरवा.

माझ्या आयाबहिणींना आणि गावच्या जाणत्यांना आणखी एक विनंती आहे. कमरेला पिस्तूल लावून रील टाकणाऱ्या पोराला 'भाई' म्हणून मान देणं थांबवा. वरातीत, जत्रेत हवेत बार काढणं हासुद्धा 2019 पासून गुन्हा आहे. लोकांच्या जिवाला त्यानं धोका झाला तर परवान्याची बंदूकही वाचवत नाही, 2 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोराच्या हातात हत्यार दिसलं तर घरातल्या घरात दाबू नका. आज पोलिसांकडे जाणं जड वाटेल, पण उद्या त्याच हत्यारानं कुणाचा जीव गेला तर ते ओझं जन्मभर उतरणार नाही.

याच तालुक्यातल्या नायगावात सावित्रीबाई जन्मल्या. अंगावर दगड-शेण झेलत त्यांनी मुलींच्या हाती पाटी दिली. त्या तालुक्यातल्या पोरांच्या हाती पिस्तूल कोण देतं, हे शोधायला पोलिसांना भाग पाडणं आपलं काम आहे. ग्रामसभेत विचारा, शांतता समितीच्या बैठकीत विचारा. पुढच्या वेळी अटकेची बातमी आली की शिरवळ असो वा खंडाळा, ठाण्यात जाऊन एवढंच विचारा, 'साहेब, विकणारा सापडला का?'