खडकाशी विसावलेलं जहाज

आमच्या हुडकेश्वर भागातल्या गच्चीवरून समुद्र दिसत नाही. पण नावातच ‘हुडकणं’ आहे, तर आज एक बुडालेलं जहाज हुडकूया.

गोव्याच्या किनाऱ्याजवळ सुंची नावाचा पाण्याखालचा खडक आहे. तिथे जेमतेम 3 ते 6 मीटर पाण्यात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांना 17व्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष सापडले. तोफा, नांगर, चिनी मातीची भांडी, हत्तीचे सुळे आणि चक्क पाणघोड्याचे दात! पाणघोडा आफ्रिकेतला, म्हणजे हा व्यापार कुठवर पसरला होता, ते या दातांनीच सांगितलं.

पाणी उथळ, म्हणून सोपं समजू नका. विहिरीत सूर मारला की कान दडपतात ना, तसंच इथेही. 10 मीटरवर तर दाब दुप्पट होतो. स्नॉर्कलची नळी पृष्ठभागापुरतीच. खोल जायला पाठीवर हवेची टाकी हवी आणि वर येताना श्वास कधीच रोखायचा नाही. फुफ्फुसातली हवा फुगते.

आणि हो, तिथली वस्तू उचलायची नाही. जागेवरून हलली, की तिची गोष्ट तुटते.