महासाथ, समन्वय आणि रुग्णालयाची राखीव क्षमता

(संस्थेच्या वार्षिक सभेत झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



कोविड-19 संबंधीची आंतरराष्ट्रीय आणीबाणी जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी संपुष्टात आणली. त्यामुळे हा विषय आता शिळा झाला, असे काहींना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु रुग्णालयाने साथीचा विचार करावा तो साथ नसतानाच. साथ आल्यावर विचाराला उसंत मिळत नाही, मिळतात त्या केवळ धावपळी.

आपल्या राज्यघटनेत सार्वजनिक आरोग्य हा राज्यांचा विषय आहे. संसर्गजन्य रोग एका राज्यातून दुसऱ्या राज्यात पसरू न देणे हा मात्र समवर्ती सूचीतील विषय आहे. रुग्णालये कोणाची? काही शासनाची, काही महापालिकांची, बरीचशी खासगी आणि काही आपल्यासारख्या विश्वस्त संस्थांची. 2020 च्या मार्चमध्ये या सर्वांना एका सूत्रात बांधण्यासाठी हाताशी कायदा होता तो 1897 चा, मुंबईतील प्लेगच्या साथीतून जन्मलेला. कायदा आदेश देऊ शकतो. रिकामी खाट कोठे आहे हे तो सांगू शकत नाही. समन्वयाचा खरा प्रश्न येथेच सुरू होतो.

मे 2020 मध्ये राज्य शासनाने खासगी व धर्मादाय रुग्णालयांतील 80 टक्के खाटा आपल्या नियंत्रणाखाली घेतल्या व दर ठरवून दिले. निर्णय आवश्यक होता, पण त्याने नातेवाइकांची वणवण लगेच थांबली नाही. मुंबईत ती कमी होण्यास मोठा हातभार लागला तो महापालिकेच्या 24 प्रशासकीय विभागांत स्थापन झालेल्या नियंत्रण कक्षांचा. बाधितांच्या याद्या विभागवार वाटल्या जाऊ लागल्या, कक्षातून रुग्णाशी संपर्क साधला जाई आणि कोणाला घरी ठेवावयाचे व कोणाला खाट द्यावयाची हे तेथे ठरू लागले. एका मध्यवर्ती दूरध्वनीवर सारे शहर लोटण्याऐवजी काम 24 ठिकाणी वाटले गेले, मात्र खाटांची नोंद सर्वांसाठी एकच राहिली. माहिती एकत्र आणि निर्णय रुग्णाच्या जवळ, ही रचना मला त्या काळातील सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

दुसऱ्या लाटेत खाटेपेक्षा प्राणवायू दुर्मिळ झाला. देशात प्राणवायूचे उत्पादन नव्हते असे नाही. परंतु त्याचा मोठा भाग पूर्वेकडील पोलाद कारखान्यांतून मिळत होता आणि रुग्ण महाराष्ट्रात व दिल्लीत गुदमरत होते. द्रवरूप प्राणवायू उणे 183 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावा लागतो, त्यामुळे तो कोणत्याही टँकरमधून आणता येत नाही, आणि योग्य टँकर मोजकेच होते. 19 एप्रिल 2021 रोजी कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला रवाना झाले. घाटमार्गावरील बोगद्यांत उंची पुरेशी नसल्याने गाडी वसई, सुरत, भुसावळ अशी वळसा घेऊन गेली. भरून आलेल्यांपैकी तीन टँकर नागपुरास उतरले आणि उरलेले चार 24 एप्रिलला नाशिकला पोहोचले. रेल्वेचे हे काम अभिमानास्पदच होय. पण ज्या रुग्णालयाकडे काही तासांचाच साठा उरला होता, त्याला पाच दिवसांनी येणाऱ्या गाडीचा काय उपयोग?

येथे नंदुरबारचे उदाहरण आठवते. या आदिवासीबहुल जिल्ह्यात पहिली लाट ओसरत असताना, सप्टेंबर 2020 मध्ये, तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने हवेतून प्राणवायू वेगळा करणारा प्रकल्प उभा राहिला आणि पुढे त्यात भर पडत गेली. त्या वेळी हा खर्च अनाठायी वाटणारेही असतील. शिवाय तेथे प्राणवायूच्या वापरावर लक्ष ठेवण्यासाठी स्वतंत्र परिचारिका नेमल्या गेल्या. हे काम किती मोलाचे आहे ते साध्या हिशेबाने कळते. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे 7,000 लिटर वायू असतो. मिनिटाला 5 लिटर लागणाऱ्या रुग्णाला तो जवळपास 23 तास पुरतो. मिनिटाला 60 लिटर सोडणाऱ्या उपकरणावर तोच दोन तासांच्या आत संपतो. रुग्ण जेवावयास बसला असता बाजूला ठेवलेल्या मुखवट्यातून वाहणारा वायू बंद करणारी परिचारिका दुसऱ्या एखाद्या रुग्णाची रात्र वाचवीत असते.

आता ज्यांची चर्चा कमी झाली त्या रुग्णांविषयी. देशात 2019 मध्ये क्षयरोगाच्या सुमारे 24 लाख रुग्णांची नोंद झाली होती. 2020 मध्ये ती सुमारे 18 लाखांवर आली. सहा लाखांची ही घट म्हणजे रोगाचा पराभव नव्हे. यांतील बहुतेक रुग्ण घरीच खोकत राहिले आणि घरच्यांना संसर्ग देत राहिले असणार. डायलिसिसचे रुग्ण, अडलेल्या गर्भवती, केमोथेरपी अर्धवट राहिलेले रुग्ण यांची कहाणी वेगळी नाही. संपूर्ण रुग्णालय एकाच रोगासाठी राखून ठेवणे प्रशासनाला सोयीचे असते, पण त्याची किंमत हे रुग्ण मोजतात. म्हणून साथीतही स्वतंत्र प्रवेशद्वार, स्वतंत्र कर्मचारीवर्ग आणि नित्याच्या सेवांसाठी राखलेला एक मजला हवाच.

धर्मादाय रुग्णालयांना उच्च न्यायालयाच्या 2006 च्या योजनेनुसार 10 टक्के खाटा निर्धन व 10 टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात. खाट राखून ठेवणे म्हणजे ती वाया घालविणे नव्हे, हे आपल्याला म्हणूनच नव्याने सांगावयास नको. हाच विचार प्राणवायूच्या दुसऱ्या स्रोताला, जादा प्रशिक्षित परिचारिकांना आणि परिसरातील लहान रुग्णालयांशी आधीच करावयाच्या डायलिसिस व प्रसूतीसेवेच्या लेखी करारांना लागू करावा. वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, रंगीत तालीमही व्हावी.

या राखीव तयारीचे उत्पन्न ताळेबंदात कधीच दिसणार नाही. कोणत्याही काटकसरीत पहिली कात्री तिलाच लागेल. यास्तव हा खर्च औषधे वा दुरुस्तीच्या खात्यात न मिसळता पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावा आणि विश्वस्त मंडळाच्या ठरावाशिवाय तो अन्यत्र वळविता येऊ नये, अशी माझी अध्यक्ष महोदयांना विनंती आहे.