जांबच्या मांडवातून



मी इथला, जालन्यातला बियाण्यांचा व्यापारी. या परिषदेचा विषय ‘पाश्चात्त्य आणि चिनी विचारातली व्यक्ती’ आहे असं कळलं, तेव्हा यात जालन्याचा काय संबंध, असं मीच संयोजकांना विचारलं. मग आमचं जांब आठवलं.

घनसावंगी तालुक्यातल्या या गावात १६०८ साली सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. बारा वर्षांचा असताना बोहल्यावर ‘सावधान’ कानी पडलं आणि नवरदेव पळाला, ही कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो.

कन्फ्युशिअसला हे पटलं नसतं. आईवडील हयात असताना मुलानं लांब जाऊ नये, गेलाच तर ठिकाण सांगून जावं, अशी त्याची शिकवण. मुलगा, भाऊ, नवरा ही नाती वजा केली तर मागे ‘मी’ म्हणून फारसं उरतच नाही. माणुसकीसाठीचा त्याचा ‘रन’ हा शब्द चिनी लिपीत ‘माणूस’ आणि ‘दोन’ या खुणा जोडून लिहितात. आमच्या खेड्यात म्हातारी माणसं पोराला नाव विचारत नाहीत, ‘कोणाचा रे तू?’ म्हणतात, ती कन्फ्युशिअसच्याच वाटेची.

युरोपातल्या लॉकनं आपल्या ग्रंथाच्या १६९४ च्या आवृत्तीत व्यक्ती स्मृतीवर उभी केली. कालचं कृत्य आपलंच म्हणून ज्याला आठवतं, तोच तो. म्हणजे पळून गेलेला नारायण आणि पुढचा रामदास एकच का, हे रामदासांनीच सांगायचं. पण कथेत तसं होत नाही. चोवीस वर्षांनी दारात गोसावी येतो, दृष्टी गेलेल्या राणूबाई आवाजावरून लेकाला ओळखतात. आठवण आईची!

आणि सगळी नाती तोडून निघालेल्यानं नाव कोणतं घेतलं? रामदास. तेही कुणाचं तरी असणंच. आता त्यांना कुणाच्या पंक्तीला बसवायचं, ते विद्वानांनी दोन दिवसांत ठरवावं. माझं वजन राणूबाईंच्या पारड्यात.

उद्या सकाळी सातला जांबला जायला गाडी आहे. बाहेर मोसंबीचा रस ठेवलाय, तो घ्यावा. आणि कुणी मधूनच गावी निघणार असेल, तर कृपया कार्यालयात सांगून जावं. इकडे पानं मांडलेली असतात.