स्मरण हे कामाने टिकते
(वार्षिक कार्यक्रमात केलेले भाषण)



आज आम्ही ज्यू समाजाच्या प्रार्थना-मंडळींचे सेवाकार्य हा विषय मांडणार आहोत. हा समाज महाराष्ट्राला परका नाही. कोकणात तेलाचा घाणा चालविणारे बेने इस्रायल लोक शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. परंतु आजची उदाहरणे आम्ही लंडन परिसरातील घेतली आहेत. मृतांचे स्मरण आणि जिवंतांची सेवा ही दोन कामे एकाच वृत्तीतून कशी होतात, हे त्यांतून चांगले समजते.

प्रथम स्मरणाविषयी. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी बोहेमिया व मोराव्हिया या प्रांतांतील ज्यू गावेच्या गावे रिकामी केली. तेथील सिनेगॉगमधील वस्तू १९४२ पासून प्राग येथील ज्यू संग्रहालयात जमा होऊ लागल्या. त्यांची नोंद करणारे कर्मचारीही ज्यूच होते आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना पुढे छळछावण्यांत पाठविण्यात आले. माणसे गेली, नोंदी मात्र राहिल्या.

त्या वस्तूंमध्ये तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या होत्या. तोराची गुंडाळी चर्मपत्रावर हाताने लिहितात. तिच्यात तीन लाखांहून अधिक अक्षरे असतात आणि एक अक्षर जरी गळाले, तरी दुरुस्तीपर्यंत ती उपासनेत वाचता येत नाही. युद्धानंतर अनेक वर्षे या गुंडाळ्या प्रागमधील एका जुन्या सिनेगॉगमध्ये पडून होत्या. एका दात्याने त्या विकत घेतल्या आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये १,५६४ गुंडाळ्या लंडनच्या वेस्टमिन्स्टर सिनेगॉगमध्ये पोहोचल्या. प्रत्येक गुंडाळी तपासून तिला क्रमांक देण्यात आला. डेव्हिड ब्रँड या लेखनिकाने दोन दशकांहून अधिक काळ तेथे बसून त्यांची दुरुस्ती केली.

या गुंडाळ्या विकल्या गेल्या नाहीत. जगभरातील मंडळींकडे त्या ठेव म्हणून सोपविण्यात आल्या. ठेव स्वीकारली म्हणजे कर्तव्यही आले. गुंडाळी ज्या गावची, त्या गावची माहिती सभासद स्वतः शोधतात. लंडनजवळच्या किंग्स्टन येथील मंडळींकडे ऑस्ट्राव्हा शहराची गुंडाळी आहे. तेथील सभासदांनी ऑस्ट्राव्हाच्या वाचलेल्या लोकांचा व त्यांच्या वंशजांचा शोध घेतला, त्यांच्या आठवणी जमविल्या आणि त्यावर पुस्तकही निघाले. ज्यांच्यासाठी मृत्यूची प्रार्थना म्हणायला घरचे कोणी उरले नव्हते, त्यांची आठवण परक्या माणसांनी आपल्या अंगावर घेतली! आणि तेरा वर्षांचे मूल जेव्हा अशा दुरुस्त गुंडाळीतून प्रथमच वाचते, तेव्हा बंद पडलेला एक आवाज पुन्हा सुरू होतो.

आता दानाविषयी. हिब्रू भाषेत दानाला ‘त्सेदाका’ म्हणतात. हा शब्द न्याय या अर्थाच्या धातूपासून आला आहे. देणारा उपकार करीत नाही, तो आपले देणे फेडतो, असा त्यामागचा भाव आहे. बाराव्या शतकातील विचारवंत मायमोनिडीज यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यांतील सर्वांत वरची पायरी म्हणजे गरजूला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन स्वतःच्या पायांवर उभे करणे.

ही शिकवण आजच्या कामातही दिसते. उत्तर लंडनमधील न्यू नॉर्थ लंडन सिनेगॉगच्या सभासदांनी २००६ मध्ये आश्रय मागणाऱ्या निराधार लोकांसाठी मदत केंद्र सुरू केले. अन्न, कपडे, वैद्यकीय व कायद्याचा सल्ला ही सर्व व्यवस्था स्वयंसेवकांनी उभी केली. येणारे लोक बहुधा दुसऱ्या धर्माचे व दुसऱ्या देशांचे. मग त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासात आहे. १९३८-३९ मध्ये सुमारे दहा हजार मुले, बहुतांशी ज्यू, आईवडिलांना मागे सोडून ब्रिटनमध्ये आली आणि परक्यांनी त्यांना घरात घेतले. आपणही कधी दारात उभे होतो, हे ज्याला आठवते, तो दारात आलेल्याला परत पाठवीत नाही.

मित्रहो, पुतळा उभारला, हार घातला की स्मरण पूर्ण झाले असे आपण समजतो. वरील उदाहरणे सांगतात की स्मरण हे रोजचे काम आहे. कोणीतरी नोंद ठेवावी लागते, कोणीतरी अक्षर दुरुस्त करावे लागते, कोणीतरी शिधा वाटावा लागतो.

म्हणून विद्यार्थ्यांना आमची एकच विनंती आहे. आपल्या वस्तीतील वृद्धांकडे वही घेऊन जा. ज्यांनी शाळा, विहीर, वाचनालय यांसाठी कष्ट केले, त्यांची नावे, गावे व कामे लिहून घ्या. आणि त्यांच्या स्मृतिदिनी एखाद्या मुलाची फी भरा, एखाद्या आजाऱ्याला दवाखान्यात न्या. नाव वहीत राहील आणि काम माणसांत राहील.