धागा तुटला की माग थांबला पाहिजे
(गणेशोत्सवातील व्याख्यान)



सॉफ्टवेअरचा विषय गणपतीच्या मांडवात कशाला, असे काहींना वाटले असेल. पण आपल्यापैकी अनेकांची मुले-सुना पुण्याला, इंदूरला, बंगळुरूला हेच काम करतात. रात्री फोन केला की ऐकू येते, ‘‘आई, बिल्ड फेल झालंय, उशीर होईल.’’ आई इकडे काळजीत. तिला मी आज एवढेच सांगणार आहे, की बिल्ड फेल होणे म्हणजे मुलगा नापास होणे नव्हे. उलट, पुष्कळदा ती चांगली बातमी असते.

आपले बुऱ्हाणपूर यंत्रमागांचे गाव. ताणा, बाणा आणि धोटा इथे कुणाला शिकवावे लागत नाहीत. मागावर एक छोटा काटा असतो. धोटा गेला आणि बाण्याचा धागा आलाच नाही, तर तो काटा माग थांबवतो. काही मागांवर ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर धातूची पातळ पट्टी टांगलेली असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग बंद. हे नसते तर माग खडखड चालतच राहिला असता आणि दोष कळला असता तो कापडाची घडी घालताना. तोवर कित्येक मीटर माल खराब!

जपानमध्ये साकिची टोयोडा नावाच्या सुताराच्या मुलाने याच विचारावर आयुष्य घालवले. 1924 साली त्याचा स्वयंचलित माग तयार झाला. धागा तुटताच तो आपोआप थांबे, त्यामुळे एका कामगाराला अनेक माग सांभाळता येऊ लागले. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या नामांकित कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. पुढे त्याच घराण्याने मोटारी बनवल्या, त्या टोयोटाच्या. तिथेही नियम तोच राहिला. दोष दिसला की साध्या कामगारानेही दोरी ओढून काम थांबवावे.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. बँकेचा प्रोग्राम म्हणजे हजारो छोटे तुकडे. एक तुकडा व्याज काढतो. 10,000 रुपयांवर 6 टक्क्यांनी वर्षाचे सरळव्याज 600 आलेच पाहिजे, असे तपासणारा दुसरा छोटा प्रोग्राम लिहितात. ही युनिट टेस्ट. कुणी नवा बदल जमा केला की एक यंत्र सगळे तुकडे जोडते, चाचण्या चालवते आणि माल तयार करते. हे बिल्ड.

गंमत पुढे आहे. चाचणी चुकली म्हणून बिल्ड थांबेलच असे नाही! अँट नावाच्या जुन्या, प्रसिद्ध साधनात चाचणी चुकल्यावर थांबायचे की नाही हा पर्याय मुळात ‘नाही’वर असतो. चाचण्या चुकतात, अहवालात तशी नोंद होते आणि शेवटच्या ओळीत दिमाखात येते, ‘बिल्ड सक्सेसफुल’. मेव्हन नावाचे नंतरचे साधन आपणहून थांबते, पण त्यालाही ‘दुर्लक्ष कर’ असे सांगून ठेवता येते. हिरवा दिवा दिसल्यावर अहवाल उघडतो कोण? चुकीचे व्याज मग थेट लोकांच्या पासबुकात.

प्रत्येक प्रोग्राम संपताना एक आकडा मागे ठेवतो. शून्य म्हणजे ठीक, दुसरे काहीही म्हणजे बिघाड. बिल्डचे यंत्र अहवाल वाचत नाही, ते हा आकडा पाहते. म्हणून चाचणी चुकली तर तो आकडा शून्य येता कामा नये, एवढी व्यवस्था करावी लागते. पहिल्याच चुकीला सगळे बंद करावे असेही नाही. सर्व चाचण्या चालू द्याव्यात, पूर्ण अहवाल तयार होऊ द्यावा आणि मग बिल्ड अडवावे. म्हणजे तुटलेले सगळे धागे एकदम दिसतात.

खरी अडचण यंत्राची नसून मनाची आहे. माल उद्या द्यायचा असतो, दिवा लाल असतो आणि कुणीतरी म्हणते, ‘‘आजच्या दिवस तपासणी बंद ठेवा.’’ हे मागाचा काटा दोऱ्याने बांधून ठेवण्यासारखे आहे. माग चालतो, पण विणला जातो तो दोष. काही चाचण्या विनाकारण चुकतात, हेही खरे. तेव्हा ती चाचणी दुरुस्त करावी. काटा फार हळवा झाला तर कारागीर तो नीट बसवतो, उपटून फेकत नाही.

आणि जे वरिष्ठ आहेत त्यांना एक विनंती. ज्याच्या बदलाने बिल्ड थांबले त्याला सर्वांसमोर बोलू नका. बोल बसू लागले की माणसे चूक सुधारण्याआधी दिवा झाकायला शिकतात.

तेव्हा पुढच्या वेळी फोनवर ‘बिल्ड फेल’ ऐकू आले, तर काळजी करू नका. धागा तुटलेला वेळेवर दिसला, असे समजा आणि म्हणा, ‘‘नीट जोड बाळ, मग जेव.’’

गणपती बाप्पा मोरया!