मॉर्फीनची ‘सवय’ : मेंदूच्या बाजूने
(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त इंदूर येथे दिलेले व्याख्यान)



माळव्यातील श्रोत्यांना अफूची ओळख करून देण्याची गरज नाही. एकोणिसाव्या शतकात येथली अफू मुंबईमार्गे थेट चीनपर्यंत जात असे. मंदसौर-नीमच भागात आजही सरकारी परवान्याने तिची शेती होते. मात्र अफूपासून मिळणाऱ्या मॉर्फीनविषयी आपल्या घरांतून भीतीच अधिक आहे. कर्करोगाने तळमळणाऱ्या माणसाचे आप्तही म्हणतात, “मॉर्फीन नको, सवय लागेल.” ही सवय म्हणजे नेमके काय, एवढाच आजचा विषय.

सेर्ट्युर्नर या जर्मन औषधनिर्मात्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अफूतून हे द्रव्य वेगळे केले. ते मेंदूत कोठे चिकटते, हे प्रयोगाने दिसण्यास मात्र १९७३ साल उजाडावे लागले. त्या वर्षी अमेरिकेत कँडेस पर्ट व सॉलोमन स्नायडर यांनी, तसेच न्यूयॉर्क आणि स्वीडनमधील उप्साला येथील संशोधकांनी, मेंदूतील अफूग्राही दाखवून दिले. झाडाच्या चिकासाठी मेंदूने कुलूप का घडवावे? याचे उत्तर १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील अॅबरडीन येथे ह्यूज व कोस्टरलिट्झ यांनी दिले. मेंदू स्वतःच वेदनाशामक द्रव्ये तयार करतो. अफू केवळ त्यांची किल्ली चालवते.

हे ग्राही म्हणजे चेतापेशीच्या आवरणात बसलेली प्रथिने. त्यांपैकी ‘म्यू’ ग्राहीला मॉर्फीन चिकटले की पेशीतील कॅल्शियमची दारे मिटतात, पोटॅशियमची उघडतात, आणि सायक्लिक एएमपी हे निरोप्या द्रव्य बनविणारे विकर मंदावते. पेशी गप्प होते; वेदनेचा निरोप पुढे जात नाही.

पण मेंदू स्वस्थ बसत नाही. ग्राहीला फॉस्फेट जोडले जाते, अरेस्टिन नावाचे प्रथिन त्यावर येऊन बसते, आणि त्याचा आतल्या यंत्रणेशी असलेला संबंध शिथिल होतो. त्याहून खोल बदल पेशीच्या अंतरंगात होतो. शर्मा, क्ली आणि नीरेनबर्ग यांनी १९७५ मध्ये संवर्धित पेशींवर दाखविले की, दीर्घकाळ दाबून ठेवलेले ते विकर हळूहळू आपला जोर वाढविते. तेवढ्याच परिणामासाठी अधिक मात्रा लागू लागते.

रस्सीखेचीत एका पक्षाने दोर एकाएकी सोडला तर दुसरा मागे कोलमडतो. मॉर्फीन अकस्मात थांबविल्यास पेशींचे असेच होते. वाढलेला जोर मोकळा सुटतो. घाम, नाक वाहणे, जुलाब, अस्वस्थता सुरू होते. म्हणूनच मात्रा पायरीपायरीने उतरवावी लागते.

श्रोतेहो, येथे तीन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. मात्रा वाढवावी लागणे ही एक. औषध सुटल्यावर शरीराने बंड करणे ही दुसरी. या दोन्ही पेशींच्या स्वाभाविक प्रतिक्रिया असून दीर्घकाळ मॉर्फीन घेणाऱ्या कोणाही रुग्णात त्या दिसू शकतात. व्यसन ही तिसरी गोष्ट: हानी दिसत असूनही द्रव्यामागे धावणे. पहिल्या दोन आढळल्या म्हणून तिसरी आलीच, असे ठरविणे हा रुग्णावर अन्याय आहे.

याचा अर्थ भीती निराधार आहे असा नव्हे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत अशी औषधे सैल हाताने दिली गेली आणि त्यातून फार मोठी जीवितहानी झाली. शिवाय जुळवून घेणे सर्वत्र सारखे नसते. वेदनाशमन मंदावले तरी बद्धकोष्ठ बहुधा राहतेच. म्हणून जाणता वैद्य सोबत सारक देतो. आणि काही काळ औषध बंद राहिले की मेंदूची ही तयारी ओसरते. मग पूर्वी सोसणारी मात्राच श्वास थांबवू शकते. व्यसनमुक्तीनंतर वा तुरुंगातून सुटल्यावर पुन्हा वळलेल्यांना हा धोका सर्वांत मोठा असतो. अशा वेळी नॅलोक्सोन हे औषध तत्काळ दिल्यास ते मॉर्फीनला ग्राहीवरून हटवून प्राण वाचवू शकते.

आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने मॉर्फीनभोवती कडक कुंपण घातले. २०१४ च्या दुरुस्तीने वैद्यकीय वापराची वाट पुष्कळ सोपी केली. कायद्याची वाट मोकळी झाली, तरी मनाची व्हावयाची आहे. वेदनेने रात्र काढणाऱ्या आप्ताच्या उशाशी बसून “सवय लागेल” असे म्हणण्यापूर्वी, कोणती सवय, हे एकदा डॉक्टरांना अवश्य विचारावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.